फिट थांबल्यानंतरचा आजार

चुलीवरचा भात करपला की घरात त्याचं एकच कारण सांगितलं जातं: बाईचं ध्यान नव्हतं. त्या बाईला मिरगी असेल, तर करपलेल्या भातामागे निदान पाच कारणं असू शकतात. एक, तिला नुकतीच कोरी फिट येऊन गेली असेल. अशा फिटमध्ये बाई पडत नाही, हातपाय झाडत नाही. काही सेकंदांपासून एखाद-दोन मिनिटांपर्यंत नजर थिजते, हात जागच्या जागी चाळा करत राहतो आणि मग ती पुन्हा भानावर येते. दोन, सकाळच्या गोळीची सुस्ती. तीन, रात्री झोपेत फिट आली असेल, घरातल्या कुणाला कळलंही नसेल आणि दिवसभर डोकं जड असेल. चार, अवधान टिकवण्याची अडचण, जी लहानपणापासून तिच्यासोबत आहे आणि जिला आज डॉक्टर एडीएचडी म्हणतात. पाच, मनाची उदासी. ती इतकी खोल असते की समोर भात आहे याचंही काही वाटेनासं होतं.

या पाचांवर उपाय वेगवेगळे आहेत. एकीची गोळी वाढवावी लागते, दुसरीची कमी करावी लागते, तिसरीला गोळीपेक्षा झोपेची गरज असते. घरी मात्र पाचही जणींना एकच वाक्य ऐकावं लागतं: ‘ध्यान कुठं रायते तुयं?’ चंद्रपूर जिल्ह्याच्या चिमूर तालुक्यातल्या आणि पुढे ब्रह्मपुरी, आरमोरी, धानोऱ्याकडच्या बायकांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं, की दवाखान्यात डॉक्टरांनी ‘आणखी काही त्रास?’ असं विचारल्यावर त्या ‘नाही’ म्हणतात. ध्यान नसणं हा आपला दोष, तो आजारात कसा धरायचा, असं त्यांना वाटतं. हा दोष त्यांचा नाही, हा आजाराचाच भाग आहे आणि त्याची वेगळी तपासणी झाली पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

विषयाला नव्या असलेल्या वाचकासाठी थोडी जमीन आखून घेऊ. मेंदूतल्या पेशींचा विद्युत व्यवहार अचानक बेताल होतो, तेव्हा फिट येते. अशा फिट पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. लोक त्याला मिरगी, आकडी, फेफरं, झटके अशी नावं देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांतले जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातला आकडा एक कोटीच्या वर सांगितला जातो. नीट निदान आणि नियमित औषध मिळालं, तर सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. ही औषधं फार महागही नाहीत. म्हणून गेल्या चाळीसेक वर्षांत सगळा जोर एका गोष्टीवर राहिला: फिट मोजा, औषध द्या, पुन्हा फिट मोजा. तो जोर योग्यच होता. पण त्यामुळे केसपेपरवर ‘महिन्यात फिट: शून्य’ असं लिहिलं गेलं की बाई बरी झाली असं धरलं जाऊ लागलं.

खरं तर या विषयाच्या इतिहासात मन आणि मेंदू यांची ताटातूट पुन्हा पुन्हा झाली आहे, आणि दर वेळी तिची झळ बायकांना अधिक बसली आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांना उदासी आणि अपस्मार एकमेकांच्या वाटेने येतात हे ठाऊक होतं. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार यांचे अध्याय शेजारीशेजारी आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात फिटचा आजार असलेल्या आणि ‘हिस्टेरिया’ म्हटल्या जाणाऱ्या बायका एकाच विभागात ठेवल्या गेल्या, आणि जाँ-मार्तँ शार्को यांनी तिथेच आपली प्रसिद्ध निरीक्षणं केली. अपस्मारावरचं पहिलं परिणामकारक औषध, पोटॅशियम ब्रोमाइड, १८५७ साली पुढे आलं तेही एका प्रसूतितज्ज्ञामुळे. राणी व्हिक्टोरियाचे वैद्य चार्ल्स लोकॉक यांनी ते पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या बायकांना दिलं होतं. म्हणजे पाळी आणि फिट यांचा संबंध वैद्यकाला तेव्हापासून दिसत होता. पण तो शरीरधर्म म्हणून अभ्यासण्याऐवजी स्त्रीच्या स्वभावाचा, वासनेचा, नाटकीपणाचा पुरावा मानला गेला.

पुढची वाट विजेची. जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी १८७० च्या दशकात फिट हा मेंदूच्या पेशींचा स्फोट आहे अशी मांडणी केली. हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला, आणि थिजलेली नजर खरोखर फिट आहे की नुसतं हरवलेपण, हे कागदावर पाहता येऊ लागलं. १९१२ साली फेनोबार्बिटोन आलं, १९३८ साली फेनिटॉइन. ही दोन्ही औषधं आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत दिली जातात. या विजेच्या संप्रदायाने भुताखेतांना आणि नैतिक दोषारोपांना बाजूला सारलं, हे त्याचं ऋण मोठं आहे. पण मनाचा प्रश्न त्याने दुसऱ्या टोकाला नेला. ‘अपस्मारी स्वभाव’ नावाची एक कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाठ्यपुस्तकांत टिकून होती: चिडखोर, चिकट, संशयी माणूस. आजारपणातून, गोळ्यांतून आणि तिरस्कारातून आलेलं वागणं जन्मजात स्वभाव म्हणून लिहिलं गेलं.

तिसरा प्रवाह समाजाकडून आला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी या आजाराला अंधारातून बाहेर काढण्याची मोहीम सुरू केली. भारतात इंडियन एपिलेप्सी असोसिएशन १९७० पासून काम करत होतीच. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनने स्वमदत गट चालवला आणि अपस्मार असलेल्यांचे वधू-वर मेळावे घेतले. मराठीत या विषयावर मोकळेपणी बोललं जाऊ लागलं, त्यात या कामाचा वाटा आहे. २००५ साली अपस्माराच्या याच आंतरराष्ट्रीय संस्थांनी त्याची नवी व्याख्या केली आणि बोधन, मन व सामाजिक आयुष्य यांवरचे परिणाम व्याख्येतच सामावून घेतले. माझ्या मते या क्षेत्रातलं गेल्या पन्नास वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं वळण ते आहे, आणि आपल्या तालुक्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

आता अवधानाकडे येऊ. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लक्ष न टिकणाऱ्या, आवर न घालता येणाऱ्या मुलांचं वर्णन केलं. त्यांच्या नजरेत भरले ते बहुतेक मुलगे. हीच नजर पुढे शंभर वर्षं राहिली. वर्गात उड्या मारणारा मुलगा दिसतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली, अर्धं ऐकलेली, वही घरी विसरलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून दिसत नाही. मोठेपणी तीच बाई भाजीत दोनदा मीठ घालते, बचतगटाच्या बैठकीची तारीख विसरते आणि गोळीही विसरते. इथे चक्र पुरं होतं: अवधानाची अडचण असलेली बाई औषध चुकवते, औषध चुकलं की फिट येते, फिट आली की अवधान आणखी ढासळतं, आणि डॉक्टर ‘बाई औषध नियमित घेत नाही’ असं लिहितात.

हा योगायोग नाही, असं आता अभ्यास सांगतात. अपस्मार असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं प्रमाण इतर मुलांच्या कितीतरी पट आढळतं. बऱ्याच पाहण्यांत ते तीस टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अपस्मार असलेल्या दर पाच-सहा प्रौढांमागे एकामध्ये एडीएचडीची ठळक लक्षणं दिसली, आणि त्याच व्यक्तींमध्ये उदासी व चिंताही जास्त होती. आइसलँडमधल्या २००४ च्या अभ्यासाने तर पुढची गोष्ट दाखवली: लक्ष न टिकण्याची अडचण पहिल्या फिटच्या आधीपासूनही असू शकते. उदासीबाबतही तसंच आढळलं आहे. फिटमुळे मन खचतं हे अर्धंच सत्य आहे. काही जणींमध्ये मेंदूतली एकच बिघडलेली वाट फिट, विखुरलेपण आणि उदासी या तिन्हींकडे जाते. आज अभ्यासकांमध्ये या दुहेरी नात्याची मांडणी करणारा प्रवाह सर्वांत जोमदार आहे, आणि हे पुस्तक उघडपणे त्याच्या बाजूचं आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही एकच वाट कुठून सुरू होते, हे पाहिलं की विषय अगदी घरातला होतो. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीत आहे, आणि त्यात मेंदूवर जाणारा फॅल्सिपेरम हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आहे. आफ्रिकेतल्या मलावीमध्ये मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या मुलांचा पाठपुरावा करून २०१० साली जे प्रसिद्ध झालं, त्यात पुढे अपस्मार आणि वागणुकीच्या व अवधानाच्या अडचणी दोन्ही आढळल्या. धानोरा, एटापल्ली, भामरागडमध्ये तापातून वाचलेली मुलगी ‘वाचली’ म्हणून घरी जाते. दहा वर्षांनी तिच्या विसराळूपणाचा त्या तापाशी संबंध कुणी जोडत नाही. दुसरं कारण सिकलसेल. विदर्भातल्या अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून पक्षाघाताचे लहान लहान आघात होतात. काहींत फिट येतात, काहींत बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त लक्ष आणि नियोजन कमी पडतं. तिसरं, जन्मताना श्वास कोंडणं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष जगासमोर ठेवले. ते काम बालमृत्यू कमी करण्यासाठी होतं. पण बाळाने वेळेवर श्वास घेतला, की एका प्रौढ बाईचा संभाव्य अपस्मारही टळतो, हे त्याचं न मोजलेलं फळ आहे.

कारणांनंतर रोजचं आयुष्य. अपस्माराला झोप तुटलेली चालत नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या या झाडीपट्टीतलं बाईचं वर्ष झोप तोडूनच चालतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे अंधारातच निघावं लागतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगल, दुपारी उन्हात पुडे बांधणं. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकून. दिवाळीनंतर झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं. यांतलं काहीही सोडा असं तिला सांगणं निरर्थक आहे. मोह आणि तेंदू हीच कितीतरी घरांची रोकड आहे. पण मोहाला एकटीने जाऊ नये, रोवणीत सोबत कुणीतरी माहितगार असावी, नाटकाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झोपावं, चुलीपाशी उघड्या जाळासमोर एकटीने बसू नये, इतकं सांगता येतं आणि पाळताही येतं. बांधीच्या गुडघाभर पाण्यात पालथं पडणंही जिवावर बेततं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पाळीची आहे. विल्यम गॉवर्स यांनी १८८१ मध्ये पाळीच्या दिवसांत फिट वाढण्याची नोंद केली. अँड्र्यू हर्झोग यांनी १९९७ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले. सर्वसाधारणपणे इस्ट्रोजेन मेंदूला चेतवतं आणि प्रोजेस्टेरॉन शांत करतं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, म्हणून त्याच दोन-चार दिवसांत अनेक जणींना फिट येतात, आणि त्याच दिवसांत मनही उतरलेलं, लक्षही विस्कटलेलं असतं. आता याच्या शेजारी गडचिरोलीतलं कुर्माघर ठेवा. माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाई गावाच्या कडेच्या झोपडीत राहते. म्हणजे ज्या रात्री फिट येण्याचा धोका सर्वांत मोठा, नेमक्या त्या रात्री ती घरापासून दूर, कधीकधी अगदी एकटी असते. कुशीवर वळवणारा हात तिथे नसतो. गोळ्यांची पट्टी घरी राहून गेली तर ती आणून देणारंही नसतं. कुर्माघर राहावं की जावं यावर भांडण होत राहील. पण मिरगी असलेल्या बाईने तिथे एकटीने झोपू नये आणि तिची गोळी तिच्यासोबत जावी, यावर गावपुजारी, आशाताई आणि ग्रामसभा यांचं एकमत व्हायला काही अडचण नाही. या पुस्तकाने एवढं घडवलं तरी ते सार्थकी लागलं, असं मी म्हणेन.

मग लग्न. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाला अडथळा म्हणून लिहिला गेला, वेडाच्या जोडीला. अपस्माराच्या संघटनांनी आवाज उठवला आणि १९९९ साली तो शब्द कायद्यातून गेला. घरांतून तो गेला नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लग्नाआधीच आजार असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी तो सासरी लपवलेला होता. लपवायचं म्हणजे गोळी लपून घ्यायची, आणि नव्या घरात पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबायचं. कित्येकींची औषधं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बंद पडतात ती अशी. त्यात जी सतत दडपणाखाली राहते, तिचं लक्ष कशात लागावं? गुपित सांभाळण्यात गेलेली शक्ती ही औषधाच्या दुष्परिणामांइतकीच मोजण्याजोगी आहे, पण तिचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

औषधांबद्दल या पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे तीनच गोष्टी. फेनोबार्बिटोनने सुस्ती आणि उदासी येऊ शकते, टोपिरामेटने शब्द सुचेनासे होतात, लेव्हेटिरासिटामने काही जणी विलक्षण चिडचिड्या होतात. ‘हिचा स्वभाव बिघडला’ असं घरच्यांना वाटतं तेव्हा बऱ्याचदा गोळी बदललेली असते. दुसरी गोष्ट व्हॅल्प्रोएटची. गरोदरपणी घेतल्यास सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात व्यंग येतं; शिवाय मुलाची बुद्धी, भाषा, अवधान यांवर परिणाम होतो. म्हणजे आईच्या गोळीतून एडीएचडी पुढच्या पिढीत पोचू शकतो. युरोपात २०१८ पासून त्याच्यावर कडक बंधनं आहेत. केरळमध्ये १९९८ पासून संजीव थॉमस यांनी चालवलेल्या गरोदर अपस्मारी स्त्रियांच्या नोंदवहीने भारतीय बायकांची खात्रीची माहिती पहिल्यांदा गोळा केली. तिसरी गोष्ट, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्यासारख्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी वाटणाऱ्या आशाताईला हे माहीत असायला हवं.

काही बायकांच्या फिट विजेच्या नसतात. मनावरचा ताण, जुना आघात, न सांगता आलेली मारहाण यांतून शरीर झटके देतं. अशा रुग्णांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असतात, आणि कधीकधी त्याच बाईला खरा अपस्मारही असतो. गावात याला अंगात येणं म्हणतात, दवाखान्यात नाटक म्हणतात. दुसरं म्हणणं पहिल्यापेक्षा अधिक क्रूर आहे. पुजाऱ्याकडे बाईला निदान बसवून घेतात, तिचं ऐकून घेतात. या जिल्ह्यांत बायकांच्या मनावरच्या ताणाचा एक मोठा झरा दारू आहे हे चिमूरला सांगायला नको. २०१० साली दारूबंदीसाठी बायका इथूनच नागपूरच्या विधिमंडळापर्यंत चालत गेल्या होत्या.

चिमूरचं नाव इतिहासात ‘चले जाव’ चळवळीतल्या १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे आहे. तो दडपताना गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. बाईवर काय गुजरलं ते तिच्या तोंडून ऐकून नोंदवलं जावं, हा आग्रह या मातीत नवा नाही. आज तो आरोग्याच्या बाबतीत धरायची वेळ आहे, कारण आता साधनं हाताशी आहेत. अपस्मारी रुग्णांमधली उदासी ओळखण्यासाठी २००६ साली अमेरिकेत सहा प्रश्नांची एक साधी चाचणी तयार झाली. तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा सांगतो की अपस्मार असलेल्या दर चार-पाच जणांमागे एकाला उदासीचा आजार असतो, आणि डेन्मार्कच्या २००७ च्या अभ्यासात आत्महत्येचा धोका सुमारे तिप्पट दिसला. शेतीच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं तेव्हा हा आकडा कोरडा राहत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक मराठीत बोलतात. चिमूरहून मेंदूविकारतज्ज्ञ गाठायला शंभरेक किलोमीटर जावं लागतं. पण सहा प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न एवढाच आहे: मेंदू, मन आणि बाईचं आयुष्य यांचे वेगवेगळे कागद एकत्र बांधायचे. त्यात मेंदूविकाराच्या डॉक्टरांचं लेखन आहे, मानसोपचाराचं आहे, आशाताईंच्या नोंदी आहेत आणि बायकांनी स्वतः सांगितलेलं आहे. या चौघांचं सगळीकडे एकमत नाही. एडीएचडीचं औषध अपस्मारात द्यावं का, यावर पूर्वी भीती होती. फिट ताब्यात असताना देखरेखीखाली ते देता येतं असा आजचा कल आहे, तरी लेखकांपैकी काही जण अजून सावध आहेत, आणि तो मतभेद संपादनात पुसलेला नाही. बायकांचं बोलणं त्यांच्याच बोलीत ठेवलं आहे. ‘मले काही सुचत नाही’ या वाक्याला शास्त्रीय पोशाख चढवला, की त्यातली धाप निघून जाते. सांगणाऱ्यांची नावं आणि गावं बदलली आहेत, कारण त्यांतल्या बहुतेकींच्या घरी हा आजार अजून माहीत नाही.

पुस्तक कुठूनही वाचायला घेतलं तरी चालेल. आशाताईंनी आणि शिक्षकांनी ओळखण्याच्या खुणांपासून सुरुवात करावी, घरच्यांनी बायकांच्या कथनांपासून. स्वतःला मिरगी असलेल्या वाचकाला एक विनंती. यात आपल्या गोळीबद्दल काही खटकणारं सापडलं, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा, प्रश्न विचारा, हवं तर वाद घाला. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, गरोदर असाल तरीही. औषध एकदम तोडलं तर एकामागून एक फिट येत राहतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.